मदत हवी आहे: क्रूझवर चढण्याची नेमकी वेळ कोणती धरावी, आणि ‘प्रायोरिटी बोर्डिंग’साठी पैसे भरावेत का?

नौपाडाकर

नमस्कार मंडळी.

डिसेंबरमध्ये आम्ही घरचे सहा जण मुंबईहून निघणाऱ्या क्रूझने पाच रात्रींच्या सहलीला जात आहोत. वाटेत गोवा आणि लक्षद्वीप असे थांबे आहेत. आई ७४ वर्षांची असून तिच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. ती घरात हिंडते-फिरते, पण सलग दहा मिनिटांहून अधिक वेळ उभी राहू शकत नाही. वडील ७९ वर्षांचे आहेत. ते चालायला खणखणीत आहेत, मात्र मधुमेहामुळे त्यांचे जेवण वेळेवर व्हावे लागते. एका खोलीत आई, वडील आणि आत्या, तर दुसऱ्या खोलीत मी, पत्नी आणि आठवीतली मुलगी अशी विभागणी केली आहे.

गोंधळ वेळेचा आहे. तिकिटावर जहाज सुटण्याची वेळ सायंकाळी ५ अशी छापली आहे. वेब चेक-इन केल्यावर मिळालेल्या बोर्डिंग पासवर टर्मिनलवर येण्याची वेळ दुपारी १ ते १:३० अशी आहे आणि त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत चेक-इन ३:३० वाजता बंद होईल असे म्हटले आहे. ज्या एजंटमार्फत आरक्षण केले, ते गृहस्थ मात्र “साडेदहालाच पोहोचा, म्हणजे पहिला नंबर लागेल,” असे सांगतात आणि त्याच दमात माणशी १,५०० रुपये भरून प्रायोरिटी बोर्डिंग घेण्याचा आग्रह धरतात. पहिला नंबर लवकर पोहोचून लागणार असेल, तर प्रायोरिटीचे पैसे कशाचे, आणि पैसे भरून लागणार असेल, तर साडेदहापासून तेथे जाऊन बसायचे कशासाठी, हे काही मला उलगडलेले नाही.

खर्च आटोक्यात राहावा म्हणून ही सोय फक्त आई-वडिलांच्या खोलीपुरती घ्यावी, असे मनात आहे. ते योग्य ठरेल का? शिवाय निघण्याचा दिवस रविवार आहे, तेव्हा ठाण्याहून किती वाजता निघावे, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

नेरुळची लाट

आम्ही दोन वर्षांपूर्वी परदेशातील एका बंदरातून असाच प्रवास केला होता. स्लॉट १२ वाजताचा होता आणि यजमानांच्या अतिउत्साहामुळे आम्ही १० वाजताच हजर झालो. आमच्या पासवरची वेळ पाहून दारावरच्या माणसाने आम्हाला अत्यंत नम्रपणे बाहेरच्या बाकांकडे पाठवले आणि त्या बाकांवर आम्ही दोन तास बॅगा राखत बसलो. तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्या बाईंना घेऊन साडेदहाला जाऊ नका, एवढे मी खात्रीने सांगेन. प्रायोरिटीविषयी मला अनुभव नाही.

शिडीखालचा

नौपाडाकर, मी नऊ वर्षे परदेशी कंपन्यांच्या प्रवासी जहाजांवर हाउसकीपिंग विभागात काम केले आणि आता कळव्यात स्थायिक झालो आहे. आपल्या गोंधळाचे मूळ असे आहे, की आपल्या कागदांवर छापलेल्या तीन वेळा तीन वेगवेगळ्या माणसांच्या सोयीसाठी आहेत. सुटण्याची वेळ बंदराची आणि जहाज बंदराबाहेर काढणाऱ्या वाटाड्याची, म्हणजे पायलटची असते. त्या वेळी दोर सोडले जातात, प्रवाशांची शिडी त्याच्या बरीच आधी काढलेली असते. चेक-इन बंद होण्याची वेळ यादीची असते, कारण जहाजावर नेमके कोण कोण आहे याची पक्की यादी सुटण्यापूर्वी तयार व्हावी लागते. अमेरिकेत तर ही यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटे आधी सरकारकडे पोहोचवण्याचे बंधन आहे आणि त्यामुळे तेथे उशिरा धावत आलेल्या प्रवाशासाठी कितीही विनवण्या केल्या तरी दार उघडत नाही. उरली ती पासवरची १ ते १:३०. तुम्ही पाळायची वेळ तीच.

साडेदहाला जाण्यात काही हशील का नाही, हे समजण्यासाठी त्या दिवशी जहाजावर काय चाललेले असते ते पाहावे लागेल. तुम्ही ज्या दिवशी चढता, बहुधा त्याच सकाळी आधीच्या सहलीचे प्रवासी उतरत असतात. जहाज पहाटे धक्क्याला लागते, साडेनऊ-दहापर्यंत बहुतेक लोक खाली उतरतात, आणि उतरलेल्यांची मोजणी पूर्ण होऊन आत जुना प्रवासी एकही उरलेला नाही, असे निश्चित झाल्याशिवाय सामान्यतः नव्या प्रवाशाला आत घेत नाहीत. आम्ही याला ‘झिरो काउंट’ म्हणत असू. एकदा एक आजोबा वरच्या डेकवर आरामखुर्चीत गाढ झोपले होते. ध्वनिक्षेपकावरून त्यांचे नाव वीस मिनिटे पुकारले जात होते आणि खाली टर्मिनलमध्ये प्रायोरिटीचे पैसे भरलेले व न भरलेले असे सगळेच प्रवासी सारखेच ताटकळत होते. मोजणी पूर्ण झाली तरी खोल्या तयार व्हायला वेळ लागतो. एकेका माणसाकडे पंधरा-पंधरा खोल्या असतात, चादरीपासून न्हाणीघरापर्यंत सगळे नव्याने करायचे असते, त्यामुळे खोलीचे दार एक-दीडपूर्वी क्वचितच उघडते. जे लोक ११:३० ला चढतात, ते हातातली पिशवी सांभाळत बुफेत किंवा डेकवर बसून राहतात.

प्रायोरिटीचे पैसे भरले, की रांगेतला क्रम बदलतो. जहाज त्यामुळे लवकर तयार होत नाही. बंदराच्या प्रवेशद्वारावरची तपासणी आणि बॅगांचे एक्स-रे यंत्र या दोन्ही ठिकाणी बहुधा सर्वांची रांग एकच असते. फरक पडतो तो चेक-इन काउंटरपाशी आणि त्यानंतरच्या प्रतीक्षागृहात. तुमचा स्लॉट दीडच्या सुमाराचा आहे. त्या वेळेपर्यंत शिडीवरून माणसे अखंड आत जाऊ लागलेली असतात, प्रतीक्षागृहात गटागटाने पुकारा करण्याची गरज बहुधा उरलेली नसते आणि खोल्याही तयार झालेल्या असतात. माझ्या मते तुम्हाला, नकळत का होईना, सर्वांत चांगला स्लॉट मिळाला आहे.

वाघबीळ

थोडे वेगळे मत मांडतो. सिंगापूरहून दोनदा क्रूझने गेलो आहे आणि दोन्ही वेळा प्राधान्याच्या रांगेचा लाभ घेतला. पहिल्या वेळी पत्नीने आग्रहाने मोठी खोली, म्हणजे सूट घेतला होता, आणि अशा खोलीच्या भाड्यातच प्राधान्य अंतर्भूत असते. आम्ही मरीना बे क्रूझ सेंटरला पोहोचल्यापासून अर्ध्या तासात जहाजावर होतो. दुसऱ्या वेळी वेगळे पैसे भरले आणि पश्चात्ताप झाला. सूटवाले, त्याच कंपनीबरोबर वरचेवर प्रवास करून वरच्या श्रेणीचे सदस्य झालेले आणि आमच्यासारखे पैसे भरणारे अशा सर्वांना एकाच रांगेत उभे केले होते, आणि ती रांग साध्या रांगेपेक्षा लांब होती. तेव्हा प्राधान्य म्हणजे नेमके काय मिळणार, हे लेखी विचारून घ्यावे. काही कंपन्यांच्या अशा पॅकेजमध्ये खोली लवकर मिळणे, बॅगा आधी पोहोचवणे आणि थांब्याच्या ठिकाणी छोट्या बोटीत आधी बसवणे हेही येते. काहींच्या पॅकेजमध्ये काउंटर तेवढे वेगळे असते.

आणखी एक गोष्ट. लवकरचे स्लॉट फुकट मिळवायचे असतील, तर वेब चेक-इन ज्या दिवशी उघडते त्याच दिवशी ते करावे. रॉयल कॅरिबियनचे ते साधारण ४५ दिवस आधी उघडते, कार्निव्हलचे सर्वसाधारण प्रवाशांसाठी १४ दिवस आधी.

नौपाडाकर

शिडीखालचा आणि वाघबीळ, आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. एजंटना आताच दूरध्वनी करून विचारले, तेव्हा त्यांनी ‘प्राधान्य म्हणजे वेगळा काउंटर’ एवढेच उत्तर दिले. बोटीविषयी त्यांना काही सांगता आले नाही.

आता माझा मूळ पेच शिल्लक राहतो. आईला उभे राहणे जमत नाही, म्हणून फक्त त्यांच्या खोलीपुरते पैसे भरले तर?

शिडीखालचा

ते करू नका. प्राधान्य खोलीगणिक किंवा माणसागणिक नोंदवले जाते आणि काउंटरवरची मुलगी यादीत दिसेल तेच पाहते. आई, वडील आणि आत्या पुढे जातील आणि ज्यांच्या हातात सगळी कागदपत्रे आहेत, ज्यांना फोनवरचा पास उघडता येतो, असे तुम्ही तिघे मागे राहाल. मी अशी कितीतरी वृद्ध जोडपी पाहिली आहेत, जी शिडीच्या तोंडाशी उभी राहून मागे वळून मुलाला शोधत असत.

तुम्हाला हवी आहे ती व्हीलचेअरची मदत. तिचा प्रायोरिटीशी संबंध नाही आणि ती सहसा विनामूल्य असते. जहाज कंपनीला आतापासून ईमेल पाठवून ‘टर्मिनलच्या दारापासून खोलीपर्यंत व्हीलचेअर हवी’ असे कळवा आणि त्यांचे उत्तर छापून जवळ ठेवा. आई घरात चालत असल्या तरी संकोच करू नका. शिडीचा चढ भरतीच्या वेळी वाढतो, आणि चांगल्या गुडघ्यांनाही तो जाणवतो. व्हीलचेअरबरोबर सहसा एका सोबत्याला घेतात. संपूर्ण कुटुंब एकत्र असल्याचे सांगितले तर बऱ्याचदा सर्वांना एकाच काउंटरवर बसवतात. मात्र ही कंपनीची खुर्ची चढण्या-उतरण्यापुरतीच असते, पाच दिवस वापरायला मिळत नाही, हे ध्यानात असू द्या.

लक्षद्वीपचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तेथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात आणि समुद्र खवळलेला असेल तर तो थांबा रद्दही होतो. जहाजातून बोटीत पाऊल टाकताना बोट वर-खाली होत असते. आईंसाठी तो दिवस जहाजावरच काढण्याची तयारी ठेवा. प्राधान्याचा खरा उपयोग असा कोठे होत असेल, तर या बोटींच्या रांगेत होतो, आणि नेमके तेच तुमच्या एजंटच्या पॅकेजमध्ये आहे की नाही, ते त्यांना ठाऊक नाही.

माजिवडा जंक्शन

वेळेचे मी सांगतो, कारण क्रूझ टर्मिनल जेथे आहे त्या बॅलार्ड पिअर परिसरात कामानिमित्त माझे नेहमी जाणे होते. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता गृहीत धरा. सहा माणसे, आठ बॅगा आणि गुडघेदुखी घेऊन लोकलचा विचारच नको. मोठी गाडी करा, पूर्व द्रुतगती मार्गाने छेडानगरला या आणि ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो रस्त्याला उतरा. रविवारी हा प्रवास तासाभरात होतो, पण फ्रीवे संपतो तेथे ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचे काम चालू असल्याने गाडी खोळंबू शकते. साडेअकराला नौपाड्यातून निघालात, तर एकच्या आत निश्चित पोहोचाल.

नेरुळची लाट

आमच्या बाजूच्या कोणी हा धागा वाचत असेल तर त्यांनी अटल सेतूचाही विचार करावा. उलव्याकडून तो सोयीचा पडतो आणि शिवडीला उतरून त्याच फ्रीवेला लागता येते. वाशी, नेरुळवाल्यांना टोल भरून वळसा घालण्यात अर्थ नाही.

नौपाडाकर, वडिलांच्या जेवणाचे कोणी बोलले नाही. दीडचा स्लॉट असेल तर जहाजावर ताट हातात पडेपर्यंत अडीच वाजतात. घरचे शिजवलेले पदार्थ बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत, तेव्हा अकरा वाजता घरी जेवूनच निघा आणि बरोबर घेतलेली दशमी-चटणी तपासणीपूर्वी संपवा.

वाघबीळ

चढल्याबरोबर वडिलांना आडवे होऊ देऊ नका, आधी सुरक्षा कवायत, म्हणजे संकटात कोठे जमायचे याचा सराव, उरकून घ्या. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानुसार ती चढल्यापासून २४ तासांत केली तरी चालत असे. त्या अपघातात ३२ जण दगावले. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ती सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर करणे बंधनकारक झाले. चेक-इन दीड तास आधी बंद करण्यामागे हेही एक कारण आहे. आईंना आपत्कालीन जमण्याच्या जागेपर्यंत लिफ्ट कोठून आहे, हे खोली दाखवणाऱ्या माणसालाच विचारा.

नौपाडाकर

सर्वांच्या सल्ल्यानंतर घरात चर्चा झाली. प्रायोरिटीचे ९,००० रुपये आम्ही भरणार नाही. कंपनीला व्हीलचेअरसाठी ईमेल पाठवला होता, त्याला होकार आला असून तो छापून ठेवला आहे. साडेअकराला निघायचे ठरले आहे. हा बेत ऐकून वडिलांनी “म्हणजे दोन तास आधी तयार राहायला हवे,” असे जाहीर केले आहे. त्यावर कोणाकडे उपाय असेल असे वाटत नाही.

शेवटची शंका: मोठ्या बॅगा टर्मिनलवर सोपवल्या, की त्या खोलीत केव्हा येतात?

शिडीखालचा

संध्याकाळी सहा-सातही वाजतात, काही वेळा जेवण उरकून आल्यावर दाराबाहेर दिसतात. म्हणून वडिलांच्या गोळ्या, साखर तपासण्याचे यंत्र, आईंची शाल आणि चष्मे हातातल्या पिशवीत ठेवा. खोलीचा क्रमांक लिहिलेले टॅग घरूनच छापून, चिकटपट्टीने नीट गुंडाळून बॅगांच्या मुठींना लावून आणा. आणि गाडीतून उतरल्यावर हमालाने बॅगांना हात लावण्यापूर्वी सहाही जणांची ओळखपत्रे तुमच्या खिशात आहेत ना, हे मोजून पाहा. दर खेपेला एक तरी कुटुंब ओळखपत्रे मोठ्या बॅगेत भरून ती बॅग देऊन बसते, आणि मग त्या शेकडो बॅगांच्या ढिगातून ती शोधायला आम्हालाच पाठवले जाई.