अनुभव धागा: खान्देशात राहून एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी

आयआयएमची कॅट असो, राज्याची सीईटी असो की आंतरराष्ट्रीय जीमॅट. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरापोरींचा पहिला प्रश्न एकच: पुण्याला जायचं की घरीच बसायचं? घरी राहून ज्यांनी तयारी केली त्यांनी लिहा. कुठला क्लास भारी, ते नको. अभ्यास कसा लावला आणि गाडी कुठे अडली, ते सांगा.

अमळनेरची
मराठी माध्यम, बीकॉम, घरात अहिराणी. गणिताचं भय नव्हतं. वडील जिनिंगवर दिवाणजी, शेकडेवारी जेवताना तोंडी चालायची. अडलं ते कॅटच्या पहिल्या भागात. लांबलचक इंग्रजी उतारे, कधी मानववंशशास्त्रावर तर कधी चित्रकलेवर. व्याकरणाची पुस्तकं घोकून इथे काही हाती लागत नाही.
मी रोज एक इंग्रजी लेख वाचायचे, पान बंद करायचे आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळींत मराठीत लिहायचे. लिहिता आलं नाही तर लेख परत. मधे शब्द अडला तरी थांबायचं नाही, शब्दकोश सगळ्यात शेवटी. पहिले काही आठवडे डोक्यावरून गेलं. रात्री आईचं सुरू व्हायचं, "काय वाची ऱ्हायनी व? आते झोप ना!" पण हळूहळू लेखक कुठे वाद घालतोय आणि कुठे नुसतं दुसऱ्याचं मत सांगतोय, हे कळायला लागलं. पर्याय बघतानाही त्याचाच उपयोग झाला. दोन पर्याय सारखे वाटले की 'फक्त', 'नेहमी', 'कधीच नाही' असं टोकाचं बोलणारा आधी तपासायचा; बहुतेकदा तोच गळतो.

शिरपूरकर
ताईंशी सहमत. भर एवढीच: 2020 पासून कॅट 180 ऐवजी 120 मिनिटांची झाली, तिन्ही भागांना 40-40 मिनिटं. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. बरोबर उत्तराला 3 गुण, पर्यायांच्या प्रश्नात चुकलं की 1 वजा. म्हणून डीआयएलआरमध्ये, म्हणजे आकडे-तर्काच्या भागात, पहिली चार-पाच मिनिटं मी पेन उचलायचोच नाही. सगळे संच नुसते वाचायचो आणि कुठले सोडायचे ते ठरवायचो. इंजिनिअरिंगवाल्यांना सोडणं फार जड जातं, हे माझं मत.

चोपड्याचा
सीईटीत हीच सवय अंगाशी येते, भो! मी दिली तेव्हा 200 प्रश्न आणि 150 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 45 सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. 75 तर्काचे, 25 आकृत्यांचे, गणित आणि इंग्रजी 50-50. आकृत्या पटकन होतात, त्या आधी उरकल्या. सराव परीक्षा मोबाईलवर देऊ नका, मोठ्या पडद्यावर द्या.

रावेरहून
नोकरी सांभाळून जीमॅट दिली, नवी, सव्वादोन तासांची. तीन भाग, प्रत्येकी 45 मिनिटं. जुन्यातला निबंध गेला, भूमितीही गेली. प्रत्येक भागात शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरं बदलता येतात. मला तो वेळ उरलाच नाही! आणि हो, हिवाळ्यात रविवारी मॉक (सराव परीक्षा) लावणाऱ्यांनो, मळ्यातल्या भरीत पार्ट्यांचं काय करता ते लिहा. मी मॉक सकाळी आठला लावायचो, मग कळण्याच्या पुऱ्या.

धुळेकर, सध्या पुण्यात
सूर जरा वेगळा लावतो. मला घरी जमलंच नसतं. दुकान, पाहुणे, लग्नसराई, 'जरा बँकेत जाऊन ये'. पुण्यात खोलीतले चौघेही तेच करत होते, म्हणून झालं.

नंदुरबारची
माझी पुढची सीईटी. मुंबईचं जमनालाल बजाज कॉलेज डोक्यात आहे. कॅटचाही फॉर्म भरू का? मी ओबीसी.

चोपड्याचा
दोन्ही भर ताई, पण जमनालालसाठी सीईटीवर जोर दे. नॉन-क्रीमीलेअरचं मात्र आधी बघ. कॅटला, आयआयएमला केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आपल्या राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं. सेतूत गेलीस की दोन्ही वेगवेगळे माग. न सांगितलं तर एकच हातात देतात.