जुनं .32 पिस्तूल घ्यायचंय, काय काय बघून घ्यावं?

मिरजकर_सराफ
नमस्कार मंडळी. मिरजेत आमचं छोटं सराफी दुकान आहे, रात्री माल घेऊन घरी यावं लागतं म्हणून गेल्या वर्षी अर्ज टाकला होता, मागच्या महिन्यात लायसन हातात आलं. .32 पिस्तूल असं लिहून आलंय आणि खरेदीची मुदत पण दिलीय, त्यामुळे फार रेंगाळता येणार नाही. माझ्या मित्राच्या वडिलांचं एक वॉल्थर पीपीके आहे, जर्मन, छोटंसं, शर्टाखाली दिसत पण नाही. काका दिवाळीच्या आधी गेले, तेव्हापासून ते कपाटातच आहे, मित्राला ठेवायचं नाहीये, तो म्हणतो तूच घे, अडीच लाख दे. परवा त्याच्या घरी जाऊन हातात घेऊन बघितलं, एकदम चकचकीत, नवं असल्यासारखं. नाहीतर मग सरकारी फॅक्टरीचं नवं अशनी घ्यायचं. सेकंडहँड घेताना नक्की काय तपासायचं असतं? सोन्याचा कस मला लावता येतो, लोखंडातलं काही कळत नाही. कुणी अनुभवी असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

बाराबोर_साताऱ्याचा
दादा, पिस्तूल चांगलं का वाईट ते नंतर. काका वारले आणि ते अजून कपाटात आहे म्हणालात ना, आधी तिथंच थांबा.

लायसन माणसाच्या नावाचं असतं. माणूस गेला की घरातल्या दुसऱ्या कुणाला ते हत्यार ठेवायचा हक्क राहत नाही, मुलाला पण नाही. आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम 21 प्रमाणे ते लगेच जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायला हवं होतं. आज तुमचा मित्र कायद्याने विनापरवाना हत्यार बाळगून बसलाय, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 2 वर्षांची शिक्षा आहे. त्याच्या मनात काही वाईट नाही हे मला कळतंय, बऱ्याच घरांत असंच होतं, दहावं-तेरावं, बँकेची कामं, सातबारा ह्यात कपाटातलं पिस्तूल कुणाच्या लक्षात राहतंय. आमच्या चुलत्यांची दोननळी अशीच आठ महिने माळ्यावर राहिली होती. शेवटी चुलतभाऊ आणि मी मृत्यूचा दाखला, लायसनचं पुस्तक घेऊन ठाण्यात गेलो, उशीर का झाला म्हणून जबाब द्यावा लागला, दोन दिवस पोटात गोळा आला होता पण स्वतःहून गेलो म्हणून निभावलं. धाड पडून सापडली असती तर काय झालं असतं हा विचार आजही नको वाटतो.

त्यामुळे मित्राला आजच सांगा. आधी वकिलाशी नाहीतर ओळखीच्या डीलरशी बोलायचं, ठाण्यात फोन करून कल्पना द्यायची, मग जमा करायचं, काडतुसांसकट, आणि पावती घ्यायची जिच्यावर पिस्तुलाचा नंबर आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिलेली असेल. तुम्ही स्वतः ते उचलून कुठं नेऊ नका, तुमचं लायसन असलं तरी हे पिस्तूल त्यावर चढलेलं नाही. आणि परत घरी जाऊन हाताळू पण नका.

चांगली गोष्ट अशी की जमा केल्यावर त्याच कलमात वारसांना ते विकायची मुभा आहे, ज्याच्याकडे लायसन आहे अशा माणसाला, ठरवून दिलेल्या मुदतीत. मुदत गेली तर सरकारजमा होऊ शकतं. काकू आणि बहिणी असतील तर त्यांच्या पण सह्या लागतील, त्या आत्ताच विचारून ठेवा, नंतर घरात वाद नको. काका हयात असते आणि थेट त्यांच्याकडून घेतलं असतं तरी कलेक्टरला किंवा ठाण्यात लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागलं असतं. तुमची खरेदीची मुदत ह्यात संपणार असेल तर ती वाढवून मिळायचा अर्ज आधीच देऊन ठेवा. सगळं कागदावर येईपर्यंत एक रुपयासुद्धा ॲडव्हान्स देऊ नका.

निवृत्त_आर्मरर
वरच्या भावांनी सांगितलं ते सोळा आणे खरं. आता लोखंडाचं सांगतो, पण हे सगळं डीलरच्या टेबलावर, मित्राच्या हॉलमध्ये नाही.

चकचकीत आहे म्हणालात तिथंच मला शंका आली. तसल्या जुन्या पिस्तुलाचं ब्लूइंग, म्हणजे वरचा निळसर-काळा थर, होल्स्टरमध्ये घासून नळीच्या टोकाला आणि कडांना थोडं तरी उडालेलं असतं, ते नैसर्गिक आहे. सगळीकडे एकसारखं चमकत असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी पॉलिश मारून परत ब्लूइंग केलंय. मग स्लाइडवरची, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावरची, अक्षरं बघायची, पॉलिशने त्यांच्या कडा गोल होतात, अंक पुसट होतात. नंबर पुसट असेल तर व्यवहारच सोडा, तो आकडा लायसनच्या पुस्तकाशी आणि पावतीशी अंक न् अंक जुळला पाहिजे. त्याच अक्षरांत कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, वाचा. पीपीके 1931 पासून बनतंय आणि 7.65 एमएम आणि 9 एमएम कुर्झ अशा दोन्हींत आलंय, लांबून दोन्ही सारखीच दिसतात. 7.65 म्हणजेच आपलं .32. तुमच्या लायसनवर .32 आहे तर दुसरं चालणारच नाही.

हातात घेतल्यावर आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागी, डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा. हाच क्रम. मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजूनच अपघात होतात, एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असते.

मग ग्रिप, म्हणजे मुठीवरचं आवरण, काढायला लावा, पीपीकेची ग्रिप एका स्क्रूवर असते. हे कुणी करत नाही आणि खरी गोष्ट तिथंच कळते. आपल्याकडे लोक पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं ठेवतात, चामडं ओल धरतं, शिवाय दर निवडणुकीला ठाण्यात जमा होतं ते तसंच फडक्यात गुंडाळून. वरून तेलाचा हात फिरवलेला असतो पण ग्रिपखाली गंज खात असतो. लाल भुकटी असेल तर पुसली जाते, नखाला खड्डे लागले तर ते पिस्तूल दमट जागी खूप राहिलंय.

नळी मागून उजेडाला धरून बघा. आटे, म्हणजे आतल्या पीळदार खाचा, तीक्ष्ण दिसले पाहिजेत. आत कुठं गोल काळी कडी दिसली तर तिथं नळी फुगलेली असते, अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली की असं होतं, असलं घेऊ नका. ही छोटी .32 पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे स्लाइडला लॉक नसतो, तिचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच धक्का पेलला जातो. साठ वर्षांची स्प्रिंग बसली असेल तर प्रत्येक गोळीला स्लाइड फ्रेमवर आदळते, म्हणून चापाच्या कडीच्या वर फ्रेमला केसासारखी चीर आहे का ते भिंगातून बघा, भिंग तुमच्या दुकानात आहेच.

आणि सेफ्टी. पीपीकेचा सेफ्टीचा खटका खाली केला की घोडा, म्हणजे मागची हातोडी, आपोआप पडतो, तेव्हा आतल्या भागाने फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सळई) अडवायची असते. तो भाग झिजला असेल तर घोडा पडताना गोळी सुटू शकते. म्हणून गनस्मिथने उघडून बघेपर्यंत चेंबरमध्ये गोळी ठेवून तो खटका कधीच वापरायचा नाही.

काकांची जुनी काडतुसं वापरू नका, लायसनवर नवी घ्या. दुकानदाराला ‘पिस्तुलाची .32’ असं स्पष्ट सांगा, रिव्हॉल्वरची .32 वेगळी असते.

अशनीवाला
माझं मत थोडं वेगळं. ऐंशीच्या दशकात बाहेरून मागवणं बंद झालं म्हणून जुन्या इंपोर्टेडला हा भाव आहे, पिस्तूल तेवढं चांगलं आहे म्हणून नाही. उद्या एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस बाहेर ओढणारा आकडा) तुटला, मॅगझिनचे ओठ वाकले तर पार्ट कुठून आणणार? मी नवं घेतलं, जरा जड आहे, चाप कडक आहे, पण बिल माझ्या नावाचं. तुम्हाला रोज रात्री जवळ बाळगायचंय, शोकेसमध्ये ठेवायचं नाहीये.

मिरजकर_सराफ
सगळ्यांचे मनापासून आभार. खरं सांगतो, पहिला रिप्लाय वाचून घाम फुटला. रात्रीच मित्राला फोन केला, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आज सकाळी वकिलांना घेऊन ठाण्यात जमा केलं, पिस्तूल आणि 19 काडतुसं, पावती मिळाली, जबाब झाला. काकू रडल्या, म्हणाल्या ह्यांनी एवढी वर्षं जपलं आणि आमच्याकडून असं झालं.

आणि आर्मरर साहेब, तुम्ही म्हणता तशी स्लाइडवरची अक्षरं खरंच गुळगुळीत होती, बोटाला लागतच नव्हती, मला वाटलं वापरून झाली असतील. आता परवानगी आली तर डीलरकडे ग्रिप काढूनच बघणार. तोवर मुदतवाढीचा अर्ज उद्या देतो.

निवृत्त_आर्मरर
अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. आणि घरात लहान मुलं असतील तर पिस्तुलाच्या आधी भिंतीत बसणारी छोटी तिजोरी घ्या, काडतुसं वेगळ्या कुलपात.