जुन्या लीक स्टिरिओ २० साठी व्हॉल्व्ह कोणते घ्यावेत?

इंदिरानगरकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या मामांकडून आलेला लीक स्टिरिओ २० हा इंग्लिश अ‍ॅम्प्लिफायर सध्या माझ्याकडे आहे. त्यात स्पीकरला ताकद देणारे चार ईएल८४, त्याआधी बारीक सिग्नल वाढवणारे तीन ईसीसी८३ आणि एसीचे डीसी करणारा (रेक्टिफायर) एक जीझेड३४ असे व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात काचनळ्या, आहेत. डाव्या बाजूचा आवाज दबलेला येतो, आणि अर्ध्या तासाने त्या बाजूच्या एका ईएल८४ ची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लालसर दिसू लागते. नाशिकमध्ये व्हॉल्व्हचे काम करणारा मेकॅनिक शोधूनही सापडत नाही. एकाने पाहिला, पण जीझेड३४ काढून त्याच कामाचे सिलिकॉन डायोड बसवा एवढेच सुचवले. ऑनलाइन पाहिले तर जुने इंग्लिश मुलार्ड कंपनीचे आणि नवे रशियन किंवा स्लोव्हाक यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्ण संचच बदलावा का? आणि जुना माल अस्सल आहे हे कसे ओळखावे?

सातपूरचा रेडिओवाला

नवे व्हॉल्व्ह मागवण्याआधी एक करून पाहा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून व्हॉल्व्ह गार होऊ द्या आणि लाल होणारा ईएल८४ उजव्या बाजूच्या एखाद्या ईएल८४ शी अदलाबदल करा. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर व्हॉल्व्ह खराब आहे. ती त्याच बेसवर (व्हॉल्व्ह खोचायच्या जागी) राहिली तर त्या बेसच्या ग्रिडला (प्रवाह आवरणाऱ्या जाळीला) जोडलेला जुना कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आधीच्या टप्प्याचा सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा भाग, गळतो आहे, असे बहुधा समजावे. अशा कंडेन्सरमधून ग्रिडवर धन व्होल्टेज झिरपते, प्रवाह वाढतो आणि कितीही महागडा व्हॉल्व्ह लावला तरी तो काही महिन्यांत संपतो.

डायोडचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. जीझेड३४ सावकाश तापतो, त्यामुळे बाकीच्या व्हॉल्व्हचे फिलामेंट (तापवणारी तार) तापेपर्यंत त्यांच्यावर पूर्ण हाय टेन्शन (प्लेटचे चढे डीसी व्होल्टेज) येत नाही. डायोड ते स्विच दाबताक्षणी देतो, आणि तेही मूळ हिशेबापेक्षा चढे.

पंचवटीतला श्रोता

अस्सलपणाबद्दल लिहितो, कारण फसवणूक याच भागात जास्त होते. रंगात छापलेल्या नावावर विश्वास ठेवू नये. ते पुसून दुसरे छापता येते. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनलेल्या मुलार्डच्या काचेवर तळाशी बारीक, फिकट संकेतांक असतो. ईएल८४ असेल तर पहिल्या ओळीत आरएक्स ही रोमन अक्षरे आणि दुसऱ्या ओळीच्या आरंभी बी हे कारखान्याचे अक्षर दिसले पाहिजे. आज मुलार्ड याच नावाने विकले जाणारे नवे व्हॉल्व्ह रशियातल्या साराटोव्हचे आहेत. ते वाईट नाहीत, पण जुन्या मुलार्डच्या भावाने घेण्याजोगेही नाहीत.

आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईएल८४ आणि ईसीसी८३ जुन्या दुकानांत अजून निघतात. माझ्या मते पैशाच्या मानाने ते फार चांगले. काचेच्या आतला चंदेरी थर पांढरा पडला असेल तर हवा शिरलेली आहे, तो व्हॉल्व्ह गेला. थर चकचकीत आहे म्हणून व्हॉल्व्ह न झिजलेला आहे असे मात्र होत नाही. ते व्हॉल्व्ह तपासायच्या टेस्टरवरच कळते.

इंदिरानगरकर

अदलाबदल केली. लाली त्याच बेसवर राहिली.

सातपूरचा रेडिओवाला

मग आधी दोन्ही बाजूंचे सगळे कपलिंग कंडेन्सर बदलून घ्या. आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असते आणि बंद केल्यावरही काही वेळ टिकते, म्हणून हे काम सवय असलेल्या माणसाकडूनच करवावे. फिल्टरचा (डीसी सपाट करणारा) कंडेन्सर बदलायची वेळ आली तर जीझेड३४ नंतरचा पहिला ६० मायक्रोफॅरडच्या वर नको. मोठा टाकला की हम (स्पीकरमधली गुणगुण) कमी होईल असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यात जीझेड३४ च जातो.

त्यानंतर प्रत्येक ईएल८४ च्या कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) रेझिस्टन्सवर व्होल्टेज मोजायला सांगा. समजा रेझिस्टन्स २७० ओहमचा आहे आणि त्यावर १०.८ व्होल्ट आहेत, तर प्रवाह ४० मिलिअँपिअर झाला. प्लेट आणि कॅथोड यांच्यात ३०० व्होल्ट असतील तर हे १२ वॅट होतात, म्हणजे ईएल८४ च्या प्लेटची कमाल मर्यादा. (यातला थोडा प्रवाह स्क्रीनचा, म्हणजे आतल्या दुसऱ्या जाळीचा, असतो, म्हणून प्लेटचा खरा आकडा जरा कमी भरतो.) फिलामेंटचे व्होल्टेजही मोजा: ६.३ व्होल्टच्या पाच टक्के इकडेतिकडे चालेल. त्याहून जास्त भरले तर ट्रान्सफॉर्मरचा मेन्सकडचा टॅप (पुरवठ्याचे व्होल्टेज निवडायची जोडणी) वरचा घ्यावा लागेल. घरातला पुरवठा रात्री चढतो, तेव्हा मोजमाप त्याच वेळी करा.

खरेदीचे म्हणाल, तर चारही ईएल८४ एकमेकांशी जुळवलेले, सध्याच्या उत्पादनातले घ्या. स्लोव्हाकियाचे जेजे पुरेसे आहेत. जुन्या मालावर पैसे घालायचेच असतील तर ते सिग्नल सर्वांत आधी जिथे येतो त्या ईसीसी८३ वर घाला, कारण तिथली खरखर पुढच्या सगळ्या टप्प्यांत वाढत जाते. जुना जीझेड३४ नीट चालत असेल तर त्याला हात लावू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घेणार असाल तर टेस्टरवरचा आकडा प्रत्येक खोक्यावर लिहून मागा, आणि विक्रेता तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा.