शब्दचर्चा : पाळी, ऋतू, न्हाण… आणि मधल्या दिवसांना काय म्हणायचं?

गोदाकाठ (पंचवटी)

पाळीच्या चार दिवसांना मराठीत किती नावं आहेत बघा. पाळी, विटाळ, अडचण, कावळा शिवणं, बाहेर बसणं, कडेला बसणं, शिवायचं नसणं. शहरात एमसी, आता पीरियड्स. पाळी चुकली तर 'महिना चुकला', गर्भ राहिला तर 'दिवस गेले', कायमची थांबली तर 'पाळी गेली'.

आणि महिन्याच्या उरलेल्या दिवसांना? डोक्यावरून पाणी घेतल्यावर येणारा हलकेपणा, मध्यावर अंगात खेळणारी तरतरी, पुढची पाळी जवळ आली की दाटून येणारं मन, यांच्यासाठी घरात बोलायचे शब्द कुठे आहेत? मुली हल्ली मोबाईलवर 'आतला हिवाळा, आतला वसंत' असं वाचतात. पाळीचे दिवस म्हणजे हिवाळा, मग वसंत, मग उन्हाळा, मग पानगळ. कल्पना मनाला भिडते. आपल्या शरीराला महिन्यात एकच रंग नसतो, हे कुणीतरी सांगतंय, याचा मुलींना आधार वाटतो. पण 'माझा आतला हिवाळा चाललाय' असं कुठली नाशिकची मुलगी आईला म्हणेल?

म्हणून विचारते. या टप्प्यांना, त्यातल्या भावनेला आणि अध्यात्माला आपले शब्द कोणते? डॉक्टरी शब्द पुस्तकात आहेत, ते माहीत आहेत. जे तोंडात आहेत किंवा बसू शकतील, असे सांगा.

मोडीवाचक (नाशिकरोड)

ताई, 'आतला ऋतू' ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे, फक्त आपण ती विसरलो. ऋतुमती (पाळी आलेली), ऋतुस्नात (पाळीनंतर न्हालेली), ऋतुशांती (पहिल्या पाळीनंतरचा विधी) हे शब्द काढून बघा. 'ऋतू'चा मूळ अर्थ ठरलेली, योग्य वेळ. 'ऋत', म्हणजे विश्वाची नीट चाललेली घडी, हाही त्याच धातूचा शब्द. पावसाळा-उन्हाळा हा अर्थ त्याच पोटातला. 'आर्तव' म्हणजे ऋतूचं, ऋतूत येणारं.

'रज' या शब्दाचंही तसंच. रज म्हणजे धूळ, तसाच फुलातला पराग. म्हणून रजस्वलेला, म्हणजे पाळी आलेल्या बाईला, संस्कृतात पुष्पवतीही म्हणतात. घाण एवढाच अर्थ त्यात नाही.

आयुर्वेदाने महिन्याचे तीन भाग केले आहेत: रजःकाल म्हणजे पाळीचे दिवस, ऋतुकाल म्हणजे गर्भ राहण्याजोगे दिवस आणि ऋतुव्यतीतकाल म्हणजे त्यानंतरचे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार सुश्रुत म्हणतो, दिवस मावळला की कमळ मिटतं, तशी ऋतू सरला की स्त्रीची योनी मिटते. मिटण्याला त्याने दोष म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. अर्थात त्याची सगळी नजर गर्भ कधी राहील याकडे आहे. बाईच्या मनाचं काय होतं, हे त्याने विचारलेलं नाही.

द्राक्षबाग (निफाड)

हिवाळा म्हणजे विश्रांती, हे आमच्या तालुक्यात तरी चालणार नाही. निफाडचा पारा उतरतो तेव्हा आमच्या वेलीवर माल असतो. पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, मणी तडकू नयेत म्हणून. वेलीची सगळ्यात मेहनतीची वेळ तीच. विश्रांती येते माल उतरल्यावर, उन्हं चढायला लागल्यावर. मग एप्रिलात खरड छाटणी, त्यावर नवीन काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. पहिल्या छाटणीला फळ धरत नाहीत. तिच्यात फक्त काडी घडवायची असते.

मला पाळीनंतरचे दिवस खरड छाटणीसारखे वाटतात. मोकळं, उघडं, पण आत काहीतरी घडायला लागलेलं. शेजारच्या मावशी म्हणतात, "अंग मोकळं झालं बाई." तुम्ही विचारलेला पहिला शब्द मला तिथेच दिसतो. मोकळं होणं.

गोदाकाठ (पंचवटी)

'मोकळं होणं' अगदी बरोबर. दुखणं ओसरल्यावर बाईच्या तोंडून तोच शब्द येतो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मला एका जुन्या शब्दाबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण तो आमच्या अंगणातला आहे. 'कावळा शिवला.' लहान मुलाने "आई लांब का बसलीय?" विचारलं की हेच उत्तर. आता गोदावरीच्या घाटावर, रामकुंडावर या. दहाव्याचा पिंड ठेवलेला असतो, माणसं चार हात मागे सरून उभी असतात आणि सगळ्यांची नजर वर. कावळा येत नाही. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडून म्हणतं, "पोरांची काळजी करू नका, आम्ही बघतो त्यांच्याकडे." दुसरं कुणी म्हणतं, "घराचं काम पुरं करू." तरीही नाहीच आला तर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. आणि खरा कावळा उतरून पिंडाला शिवला की जमलेल्या माणसांचे खांदे एकदम खाली येतात. "शिवला, शिवला!" गेलेल्याचा जीव कुठे अडकलेला नाही, अशी ती ग्वाही असते.

तोच कावळा, तेच क्रियापद. घाटावर त्याची वाट बघायची आणि घरात त्याच्या नावाने बाईला दूर बसवायचं. माझं म्हणणं असं की भाषेने दोन्हीकडे एकच गोष्ट धरली आहे: हा माणूस आत्ता नेहमीच्या व्यवहारात नाही, तो सीमेवर आहे. सीमेवरच्या माणसाला जपतात किंवा हाकलतात. मृताला आपण जपलं. बाईच्या वाट्याला दुसरं आलं.

म्हणून 'बाहेर बसणं ही बाईला मिळालेली विश्रांतीच होती' असं कुणी म्हणतं, तेव्हा ते मला पूर्ण पटत नाही. स्वयंपाकघर सुटायचं, शेत सुटायचं नाही. तीच बाई अंगणात गोवऱ्या थापायची, नदीवर धुणं धुवायची. विश्रांती हवी हे खरं, एकांत हवा हेही खरं. पण तो तिने मागितलेला असला पाहिजे.

जुनं नाशिक

लेकी, तू म्हणतेस ते सगळं आम्ही भोगलंय. तरी दोन गोष्टी सांगते. माझी पाळी गेल्यावर मी ऋषिपंचमी धरली. गणपती बसला की दुसऱ्या दिवशी पहाटे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर यायचं, आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, स्नान करायचं, सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा करायची आणि बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी करायची. पाळीत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून हे व्रत, असं सांगतात. पण घाटावर बायका काय बोलत असतात ठाऊक आहे? कुणाचं अंगावर किती जायचं, कुणाची पाळी कधी थांबली, कुणाला रात्री घाम येतो. वर्षातला तो एकच दिवस आम्ही हे मोठ्याने बोलायचो.

दुसरी गोष्ट. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी पंढरपूरला जाते. तीन आठवड्यांहून जास्त चाल. तेवढ्यात बाईचा जवळजवळ सगळा महिनाच फिरतो. दिंडीतली बाई पाळी आली म्हणून वाटेत थांबत नाही. तोंडात नाम चालू, पाय चालू. तिला विटाळ कुठे आडवा येतो?

मोडीवाचक (नाशिकरोड)

आजी, दिंडीचं वाचून सोयराबाई आठवल्या. चोखोबांच्या पत्नी. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध.' विटाळ हा शब्द जातीवर आणि बाईवर एकदमच पडत होता आणि त्या दोन्हीकडून तो भोगत होत्या. आपल्या गावाला तर हे वेगळं सांगायला नको. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो याच शब्दाविरुद्ध. जो शब्द माणसाला देवळाबाहेर ठेवायला वापरला, तो पाळीसाठी आपण सहज तोंडात घेतो. माझं स्पष्ट मत आहे की 'विटाळ' शब्दकोशात राहू द्यावा, बोलण्यातून काढावा.

ऋषिपंचमीच्या कहाणीत शिवाशिव केलेली बाई कुत्रीच्या जन्माला जाते. पण त्यामागे आणखी जुनी कथा यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत आहे. इंद्राने देवांचा पुरोहित विश्वरूप याला मारलं. त्या हत्येचं ओझं त्याला पेलेना. ते तिघींत वाटलं गेलं: पृथ्वी, झाडं आणि स्त्रिया. प्रत्येकीने बदल्यात वर मागितला. पृथ्वीने मागितलं, मला खणलं तरी वर्षाच्या आत भरून यावं. झाडांनी मागितलं, छाटल्यावर आम्ही जास्त फुटावं. स्त्रियांनी संतती मागितली. आणि स्त्रियांच्या वाट्याचं ओझं म्हणजे पाळी, असं ती कथा सांगते. ज्याचं पाप होतं तो मोकळा झाला, आणि ज्यांनी ओझं वाटून घेतलं त्यांनाच पुढे अशुद्ध म्हटलं गेलं.

द्राक्षबाग (निफाड)

'छाटल्यावर जास्त फुटावं'! काका, हे आमच्या बागेच्या फाटकावर लिहून ठेवते.

रुग्णालयात काम करणारी

मी स्त्रीरोग विभागात आहे, म्हणून थोडं शरीराचं सांगते, म्हणजे अर्थ लावताना पाय जमिनीवर राहतील. पाळी येते त्याच दिवसापासून पुढची पुटिका, म्हणजे बीजाची पिशवी, वाढायला लागते. म्हणजे जुनं जात असतानाच नवं सुरू झालेलं असतं. मग इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) चढतं, बहुतेक जणींना हुशारी वाटते. पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं. कुणाला एका बाजूला बारीक कळ येते आणि अंगावरचं पांढरं त्या दिवसांत तार धरतं. आमच्याकडे बायका हे अगदी पाकाच्या भाषेत सांगतात, "ताई, तार येतेय." त्यानंतर रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक सोडतो. अंग जड, छाती भरलेली, झोप विस्कटलेली, डोळ्यांत पाणी. गर्भ नाही राहिला तर ते संप्रेरक उतरतं आणि पाळी येते. एकवीस ते पस्तीस दिवसांपर्यंतचं चक्र नेहमीचं धरतात, त्यामुळे अठ्ठावीसचा हट्ट नको. 'मास' शब्दात चंद्र आहे हे खरं, पण अमावास्या-पौर्णिमेशी पाळी जुळत नाही म्हणून कुणी स्वतःत खोट शोधू नये.

एक कळकळीने सांगते. पाळीआधी हळवं होणं वेगळं आणि दर महिन्याला जगणं नकोसं वाटण्याइतकं मन खचणं वेगळं. त्या खचण्याला कुठलंही सुंदर नाव देऊ नका. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. तसंच दर तासाला पॅड बदलावं लागत असेल तर त्याला 'शुद्धी होतेय' म्हणू नका, दाखवायला या.

गोदाकाठ (पंचवटी)

तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचावं. अर्थ लावायचा तो बाईला स्वतःकडे बघता यावं म्हणून, दुखणं झाकायला नव्हे.

आता इतक्या बोलण्यातून मला जे शब्द हाती लागले ते मांडते.

सगळ्या महिन्याला 'आवर्तन'. 'पाळी'चा अर्थ मुळात फेरा, वारी. आपण शेतात 'पाण्याची पाळी' म्हणतोच. आणि गंगापूर-दारणा धरणांच्या कालव्याला पाणी सुटलं की पेपरात 'आवर्तन सुटलं' असं येतं. अथर्वशीर्षाचीही आवर्तनंच होतात. पुन्हा पुन्हा येणं, आणि दर वेळी थोडं खोल जाणं, हे दोन्ही त्यात आहे. 'चक्र' म्हटलं की मला त्यातून सुटका नसल्यासारखं वाटतं.

पाळीला पाळीच. तो शब्द स्वच्छ आहे, त्याला बदली नको.

पाळीनंतर 'न्हाण'. हा शब्द पहिल्या पाळीच्या सोहळ्यासाठी होता, मुलीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे. त्यात लग्न-गर्भाधानाची घाई होती, ती जावो. पण स्वच्छ होऊन नव्याने सुरुवात करणं हा त्यातला अर्थ दर महिन्याचा आहे.

मध्याला 'ऋतू'. काकांनी सांगितलेल्या अर्थाने, योग्य वेळ. मूल हवं असेल तर त्याची, नाहीतर कवितेची, धंद्याची, भांडण मिटवायची.

आणि पाळीआधीचे ते 'दाटते दिवस'. आभाळ दाटतं, गळा दाटतो, मन दाटतं. चिडचिड हा शब्द बाईला दोष देतो. दाटणं देत नाही. माझा अनुभव असा की वर्षभर गिळलेली गोष्ट याच दिवसांत वर येते आणि बहुतेक वेळा ती खरी असते. सांगायची पद्धत चुकत असेल, गोष्ट खोटी नसते. जप, पोथी, नुसतं गंगेकाठी बसणं, यातलं मला जे लाभतं ते याच दिवसांत लाभतं.

द्राक्षबाग (निफाड)

'भरते दिवस' नाही चालणार? छाती भरते, मन भरतं.

मोडीवाचक (नाशिकरोड)

नाही. 'दिवस भरले' म्हणजे बाळंतपण जवळ आलं, आणि रागात कुणाला म्हटलं तर त्याचा शेवट जवळ आला. दोन्ही अर्थ इतके पक्के आहेत की तिसरा बसणार नाही. 'दाटते' चांगलं आहे. व्याकरणालाही चालतं: वाहतं पाणी, दाटते दिवस.

जुनं नाशिक

आमच्या सुनेला काल म्हटलं, "दाटते दिवस आहेत का गं?" ती म्हणाली, "आत्या, तुम्हाला कसं कळलं?" आणि मग अर्धा तास बोलली. न्हाणाला मात्र ती हसली, तिला तो फार जुना वाटतो. ती 'मोकळी झाले' म्हणते. दोन्ही ठेवा.