टॅटूची खपली निघतेय म्हणून हळद? नको रे बाबा

कुणीतरी खपली निघणाऱ्या नव्या टॅटूवर हळद-खोबरेल लावायला सांगितलंय, प्लीज नको, ती ताजी जखम आहे, फोडणी नाही. माझा मनगटावरचा पाचव्या दिवशी सापाच्या कातीसारखा सुटायला लागला, बेसिनमध्ये काळे काळे पापुद्रे बघून मला वाटलं गेले पैसे पाण्यात, पण ते नॉर्मल असतं, शाई आतल्या थरात असते त्यामुळे ती जात नाही. फक्त नखं लावायची नाहीत, फारच खाज सुटली तर वरून हलकं थोपटायचं, बस. दिवसातून दोनतीनदा आधी हात स्वच्छ करून मग बिनवासाच्या साबणाने टॅटू धुवायचा, टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यायचा आणि क्रीम अगदी पातळ, मी आधी थापत होते तर सगळा चिकचिकाट झाला. स्विमिंग, समुद्र निदान ३-४ आठवडे बंद. लाली पसरत चालली, पू झाला किंवा ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. आणि हो, टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, मला कॅम्पमधून परत पाठवलं तेव्हा कळलं :)