त्सुनामीनंतर भारताने मदत दिली, पण घेतली नाही: यातून काय दाखवायचे होते?

दर्यावर्दी:
२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारतात १०,००० हून अधिक माणसे दगावली आणि कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त झाला, तरीही नौदलाची जहाजे मदत घेऊन श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे रवाना झाली. ‘निरूपक’ या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजाचे रुग्णालय करून ते इंडोनेशियाच्या आचे प्रांतात पाठवले गेले. मात्र तातडीच्या मदतकार्यासाठी परदेशी सरकारांनी पुढे केलेला हात मनमोहन सिंग सरकारने स्वीकारला नाही. यात भूतदया किती आणि सामर्थ्याचे प्रदर्शन किती, हे जाणकारांनी सांगावे.

नांगर:
माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत, कारण संकटकाळी पाणी, डॉक्टर आणि औषधे घेऊन परक्या किनाऱ्यावर वेळेत पोहोचणारे आरमार युद्धकाळीही तिथे पोहोचू शकते, आणि हे शेजाऱ्यांना न सांगता कळते. त्या वेळी मदतीच्या समन्वयासाठी अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत एकत्र आले. याच चार देशांच्या पुढच्या ‘क्वाड’ गटाचे मूळ अनेक अभ्यासक तिथेच शोधतात. घेणाऱ्यांच्या रांगेतून उठून देणाऱ्यांच्या पंगतीत बसायचे होते, आणि ते साधले.

पांढरी_माती:
मी किल्लारी परिसरातला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, तेव्हा मिळालेले ब्लँकेट कोणत्या देशाचे आहे हे माझ्या आईने कधी विचारले नाही. भूजच्या वेळी, २००१ मध्ये, भारताने पाकिस्तानचीही मदत घेतली होती आणि त्याने देशाची मान खाली गेली नाही. २०१८ च्या केरळच्या पुरातही परदेशी सरकारांना नकार दिला गेला. २०२१ मध्ये प्राणवायूसाठी माणसे तडफडू लागली तेव्हा मात्र तो आग्रह सोडावा लागला. देण्याचा मला अभिमान आहे, पण न घेण्याची किंमत निर्णय घेणारे मोजत नाहीत, ती पूरग्रस्त मोजतात.

दर्यावर्दी:
आपले म्हणणे पटले. यावरून ऑक्टोबर २००५ चा काश्मीरमधील भूकंप आठवला. दरडींनी रस्ते बंद झाले होते, वर अडकलेल्या गावांना हेलिकॉप्टरशिवाय गत्यंतर नव्हते. भारताने हेलिकॉप्टरे देऊ केली. पाकिस्तानला ती हवी होती, पण भारतीय वैमानिकांशिवाय, आणि आपल्या सैन्याची यंत्रे परक्या वैमानिकांच्या हाती सोपवायला भारत तयार नव्हता. तंबू, औषधे, ब्लँकेटे सीमेपलीकडे गेली. हेलिकॉप्टरे मात्र अखेरपर्यंत गेली नाहीत.