हातावरची न भरणारी जखम: लीशमॅनिया (वाळूमाशीतून पसरणारा परजीवी) असेल का?

खानापूर, प्राथमिक आरोग्य केंद्र: रुग्ण ट्रकचालक, बिकानेरला मुक्काम असतो, तिथे त्वचेचा लीशमॅनिया आढळतो. दोन महिने कोपराखाली न दुखणारी गाठ, मध्ये खड्डा, वर खपली. अँटिबायोटिकने फरक नाही. कुष्ठरोगाचा स्मिअर (काचेवर पसरलेला नमुना) निगेटिव्ह. आरके३९ कार्ड (रक्तातली अँटिबॉडी शोधणारी झटपट चाचणी) करू का?

निपाणी, लॅब: कार्ड नको. ते काळा आजारासाठी, म्हणजे लीशमॅनियाच्या शरीरात आत पसरणाऱ्या प्रकारासाठी. त्वचेच्या प्रकारात अँटिबॉडी फार कमी, त्यामुळे निगेटिव्ह आलं तरी काहीच ठरत नाही. खपली काढून सलाइनने धुवा. उचललेली कडा चिमटीत घट्ट दाबून पांढरी करा, १५ नंबरच्या ब्लेडने बारीक चीर देऊन खरवडा. मधला पू घेऊ नका, आणि रक्त मिसळू देऊ नका. परजीवी शोधणं अवघड होतं. मिथेनॉलने फिक्स, मग गीम्सा रंग. ऑइल लेन्सखाली मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींत) २ ते ४ मायक्रॉनचे अंडाकृती ठिपके, आत गोल केंद्रक आणि शेजारी काडीसारखा कायनेटोप्लास्ट (परजीवीच्या डीएनएचा वेगळा पुंजका). ती काडी दिसल्याशिवाय पॉझिटिव्ह लिहू नका, हिस्टोप्लाझ्मा (एक बुरशी) अगदी असाच दिसतो. स्मिअर निगेटिव्ह आला तर कडेची बायोप्सी, जमल्यास पीसीआर.

बेळगाव, त्वचारोग: जखम लहान आणि एकच असेल तर सोडियम स्टिबोग्लुकोनेट (लीशमॅनियावरचं इंजेक्शन) जखमेतच, कडेने सगळीकडून, त्वचा पांढरी पडेपर्यंत, आठवड्याला एकदा. सुई चरबीत उतरली तर औषध वाया. जखमा पुष्कळ असतील किंवा नाक-ओठांवर असतील तर वर पाठवा.

खानापूर: मिल्टेफोसिन (तोंडाने घ्यायचं औषध) देऊ का?

बेळगाव, त्वचारोग: तो निर्णय वरच्या रुग्णालयात. स्त्री रुग्ण असेल तर आधी गर्भचाचणी, हे कृपया विसरू नका. गर्भाला धोका आहे.